सोडे, मिरची आणि सयाम

आमचा एक भाचा पुण्यास शिकतो. वसतिगृहात सोड्यांची पुडी नेण्यास त्याने दोन वर्षांपूर्वी साफ नकार दिला. वास येतो, खोलीतील मित्र नाके मुरडतात, हे कारण. त्याच भाच्याने गेल्या पावसाळ्यात आम्हांस विद्यापीठाजवळच्या एका साध्या थाई खाणावळीत नेले. समोर बशी आली ती खलात कुटलेल्या कच्च्या पपईच्या किसाची. त्यात लिंबू, भुईमुगाचे दाणे, मिरची, आणि सुकवलेली कोळंबी! नाव 'सोम तम'. आम्ही म्हटले, "अरे, हे तर सोडे!" त्याचे कान लाल झाले, मिरचीने की लाजेने, हे आम्ही विचारले नाही.

श्रोतेहो, ती बशी रेवदंडेकरांस परकी वाटण्याचे कारण नाही. तोमे पिरेश नावाचा एक पोर्तुगीज औषधविक्या १५१२ ते १५१५ या काळात मलाक्क्यास होता. त्या पेठेत कोण कोण येते याची त्याने लांबलचक यादी दिली आहे. तीत चौल, दाभोळ व गोवे येथील लोक आहेत, आणि सयामचेही आहेत. म्हणजे आमच्या भाच्याच्या आधी पाचशे वर्षे चौलकर आणि सयामी एकाच बाजारात वावरत होते.

मात्र तेव्हाच्या सयामी जेवणात ना मिरची होती ना पपई. दोन्ही अमेरिकेतल्या, आणि आशियात आल्या त्या मुख्यतः फिरंग्यांच्या व्यापारामुळे. १५११ मध्ये अल्बुकर्कने मलाक्का घेतले व त्याच वर्षी आयुथ्येच्या दरबारी दूत धाडला. इकडे १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मार खाल्लेले तेच फिरंगी १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने रेवदंड्यास कोट बांधू लागले. एकाच राज्याची ही दोन टोके.

नव्या तिखट फळास नाव काय द्यावे, हा पेच दोन्हीकडे पडला. आपण ओळखीच्या मिरीवरून मिरची केली. थाई लोकांनी मिरीचे 'फ्रिक' हे नावच पाहुणीस देऊन टाकले, आणि बिचाऱ्या मिरीला 'फ्रिक थाई', म्हणजे थाई मिरची, म्हणवून घ्यावे लागले! घरच्यालाच घरचा असल्याचा दाखला द्यावा लागला. पोर्तुगिजांच्या 'पांव'चा आपण पाव केला, त्यांनी 'खनोम पांग'. आपल्या गृहिणी मिरचीला सोवळ्यात घेतात. पावाला मात्र बाटल्याचा डाग कितीतरी काळ लागून राहिला. दोन्ही आले एकाच लोकांबरोबर, हे कोणी ध्यानात घेतले नाही.

१७४० मध्ये कोट मराठ्यांकडे आला. फिरंगी गेले, मिरची राहिली. खाडीपलीकडे कोर्लईस त्यांच्या बोलीची एक शाखाही राहिली.

पैसे भाच्याने दिले. बाहेर पडताना आम्ही भीतभीतच विचारले, "पुढच्या खेपेस सोडे आणू का रे?"

"आणा मामा," तो म्हणाला, "पण डबा घट्ट झाकणाचा असू द्या."