केशरोपण : टकलाचे कारण, शस्त्रक्रियेचे गणित आणि जोखीम

मार्च २०१९ मध्ये मुंबईतील चाळिशीतल्या एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर अवघ्या दोन दिवसांत मृत्यू झाला. त्या वेळच्या वृत्तांनुसार, मध्य मुंबईतील एका दवाखान्यात एकाच बैठकीत सुमारे साडेनऊ हजार ग्राफ्ट बसविण्यात आले होते आणि शस्त्रक्रिया बारा तासांहून अधिक काळ चालली होती. घरी परतल्यावर चेहऱ्याला व घशाला सूज आली, श्वास घेणे कठीण झाले आणि रुग्णालयात दाखल करूनही उपयोग झाला नाही. तीव्र अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया हे संभाव्य कारण डॉक्टरांनी सांगितले. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'उजडा चमन' आणि 'बाला' हे टकलामुळे लग्न अडलेल्या तरुणांवरचे दोन हिंदी चित्रपट एका पाठोपाठ प्रदर्शित झाले. टक्कल हा विनोदाचा विषय आहे खरा; पण ज्याच्या डोक्यावर ते पडते त्याला त्यातला विनोद क्वचितच जाणवतो.

नवी मुंबईतील शिरवणे हे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव. सिडकोने शहर वसविल्यावर ते जुईनगर व नेरुळच्या इमारतींमध्ये वेढले गेले आणि त्याच नावाने ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतही ओळखली जाऊ लागली. गावठाणातील तरुण, भाड्याच्या खोल्यांतून राहणारे कामगार आणि आसपासच्या संकुलांतील संगणक क्षेत्रातील नोकरदार अशी ही मिश्र वस्ती. केस गळू लागले की या सर्वांचा पहिला संशय पाण्यावर आणि दुसरा हेल्मेटवर जातो. नवी मुंबई महापालिकेचा पुरवठा प्रामुख्याने खालापूर परिसरातील मोरबे धरणातून होतो. त्या पाण्याने कोणाला टक्कल पडत नाही. क्षारयुक्त पाण्याने केस राठ होतात, तुटतातही. परंतु केशमूळ आक्रसून जाण्याशी त्याचा संबंध नाही. हेल्मेटचेही तसेच. घामट, अस्वच्छ हेल्मेटने कोंडा किंवा बुरशी होऊ शकते, टक्कल नव्हे. या समजापायी हेल्मेट न घालणारे दुचाकीस्वार मात्र केसांऐवजी डोकेच धोक्यात घालतात.

अचानक केसगळतीची एक खरी घटना महाराष्ट्रात अलीकडेच घडली आणि ती बहुसंख्य पुरुषांच्या टकलाहून किती निराळी होती हे पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेक गावांतील स्त्री-पुरुष व मुलांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. तेथेही प्रथम संशय पाण्यावर आणि बुरशीवर घेतला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक दाखल झाले. पद्मश्री डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियमचे प्रमाण कित्येक पटींनी अधिक आढळले आणि त्याचा उगम परराज्यातून आलेल्या शिधावाटपाच्या गव्हात असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवले. अशा गळतीत केशमूळ जिवंत असते. टायफॉइड, डेंग्यू, कोविड, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमारीसारखे पथ्य यानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळतीही याच जातीची असून ती बहुधा आपोआप थांबते. चाई हा आणखी वेगळा विकार. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केशमुळांवर उलटते आणि नाण्याएवढे गोल चट्टे पडतात. या तिन्ही प्रकारांत केशरोपणाची घाई करणे चूक ठरते.

पुरुषांचे नेहमीचे टक्कल हळूहळू येते. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणे स्वाभाविक असते. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे थबकतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन गळतो आणि त्याच मुळातून नवा केस येतो. आनुवंशिक टकलात हे चक्र दरवेळी आखूड होत जाते. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून एका विकराच्या साहाय्याने डीएचटी हा पदार्थ बनतो. कपाळावरची व टाळूवरची केशमुळे त्याला संवेदनशील असल्याने प्रत्येक फेरीत केस बारीक होतो आणि अखेर त्याची लव होऊन राहते. म्हणजे केस 'गळतात' यापेक्षा ते 'झिजतात' हे म्हणणे अधिक खरे. टक्कल आईकडून येते हा समज अर्धाच बरोबर आहे. एक महत्त्वाचे जनुक आईकडून मिळणाऱ्या गुणसूत्रावर आहे खरे, पण वडिलांच्या बाजूची जनुकेही तितकीच कामाला लागतात.

संप्रेरकाचा हा संबंध प्रथम दाखविला तो अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी. लहानपणी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागते, हे त्यांनी १९४२ मध्ये नोंदविले. टकलाच्या टप्प्यांची त्यांची १९५१ ची वर्गवारी ओतार नॉरवूड यांनी १९७५ मध्ये सुधारली. आजही त्वचारोगतज्ज्ञ कागदावर पहिली ते सातवी अशी पायरी लिहितात ती हीच.

गोळी आणि औषधी द्राव

शस्त्रक्रियेआधी औषधांचा विचार होतो, निदान व्हायला हवा. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावण्यासाठी मंजूर झाले. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ते लावल्यावर केस अधिक गळतात. तेथेच बहुतेकजण घाबरून बाटली टाकून देतात. वस्तुतः जुने केस जागा सोडत असतात. फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये टकलासाठी मान्य झाली. ती डीएचटी तयार होणे कमी करते. काही थोड्या पुरुषांत कामेच्छा मंदावणे, तर काहींत मन उदास होणे असे परिणाम आढळले आहेत. पन्नाशीनंतरच्या पुरुषाने ही गोळी चालू असल्याचे प्रोस्टेटची रक्ततपासणी करताना डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे, कारण त्या तपासणीचा आकडा निम्म्याच्या आसपास खाली येतो. दोन्ही औषधे चालू असेपर्यंतच उपयोगी. बंद केल्यावर काही महिन्यांत मिळविलेले सारे ओसरते. माका, जास्वंद, कांद्याचा रस यांनी केसांना तुकतुकी येत असेल, पण झिजलेले मूळ पुन्हा जाड होत असल्याचा भक्कम पुरावा नाही.

मागचे केस पुढे

केशरोपणाचा पाया एका साध्या निरीक्षणावर आहे. डोक्याच्या मागच्या व कानांवरच्या पट्ट्यातील केस डीएचटीला दाद देत नाहीत. म्हणूनच पूर्ण टकल्या माणसालाही मागे झालर राहते. हे केस मुळासकट टाळूवर लावले तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेनट्राइश यांनी १९५९ च्या निबंधात मांडले. त्याआधी, १९३९ मध्ये, जपानमधील शोजी ओकुडा यांनी भाजलेल्या त्वचेवर असे रोपण केले होते. युद्धाच्या धामधुमीत त्यांचे काम पाश्चात्त्यांच्या नजरेआड राहिले. ओरेनट्राइश यांच्या पद्धतीत सुमारे चार मिलिमीटरच्या चकत्या बसवीत, त्यामुळे डोके बाहुलीच्या केसांसारखे दिसे. पुढे केस एकेकटे नसून एक ते चारच्या झुबक्यांत उगवतात हे लक्षात आले आणि तो झुबका, म्हणजेच ग्राफ्ट, हे रोपणाचे एकक ठरले.

आज दोन पद्धती आहेत. एकीत मागच्या त्वचेची पट्टी कापून तिच्यातून झुबके वेगळे करतात. मागे आडवी व्रणरेषा राहते. दुसरीत एक मिलिमीटरहून लहान व्यासाच्या पोकळ सुईने एकेक झुबका उपसतात. २००२ मध्ये अमेरिकेतील रासमन व बर्नस्टाइन यांच्या निबंधानंतर ती रूढ झाली. 'व्रण राहत नाही' अशी तिची जाहिरात केली जाते. ते खरे नाही. आडव्या रेषेऐवजी शेकडो पांढरे ठिपके राहतात, आणि केस अगदी बारीक कापले तर ते दिसतात.

शिरवण्यातल्या किंवा वाशीतल्या तिशीच्या पुरुषाला शस्त्रक्रियेचा दिवस साधारण असा जातो. डोके भादरले जाते. कपाळावरची नवी केसरेषा पेनाने आखली जाते आणि बहुतेकांना ती विशीतल्या जागी हवी असते. चांगला शल्यविशारद ती वर सरकवतो. मग डोक्याच्या कडेने बधिरतेची इंजेक्शने दिली जातात. संपूर्ण प्रक्रियेत खरी वेदना याच दहा मिनिटांत असते. त्यानंतर काही तास पालथे पडून मागचे झुबके काढून घेणे, मध्ये जेवण, आणि नंतर उताणे राहून पुढच्या छिद्रांत ते बसविणे. दोन ते तीन हजार ग्राफ्टची बैठक सहा-आठ तास सहज घेते. काढलेला झुबका थंड द्रावात ठेवलेला असतो. त्याला जितका वेळ बाहेर राहावे लागेल तितका तो मरण्याचा संभव वाढतो.

घरी आल्यावर पहिल्या रात्री मान उंच ठेवून झोपावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांपर्यंत उतरते. आरशात पाहून धास्तावणारे अनेक असतात, पण ती आठवड्यात जाते. खपल्या सात-दहा दिवसांत पडतात. लोकलच्या गर्दीत कोणाची पिशवी डोक्याला लागणार नाही याची काळजी याच दिवसांतली. कारखान्यात हेल्मेट सक्तीचे असणाऱ्याने तर रजाच काढलेली बरी. आणि मग, दोन ते चार आठवड्यांत, लावलेले केस गळून जातात. हे आधी न सांगितलेल्या माणसाची अवस्था बिकट होते. पैसे गेले, केसही गेले असे त्याला वाटते. मुळे मात्र आत असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक केस येऊ लागतात आणि खरा निकाल दहा ते बारा महिन्यांनी दिसतो.

गणित कोठे चुकते

मागचा पट्टा ही मर्यादित पुंजी आहे. सर्वसाधारण डोक्यातून आयुष्यभरात सुमारे सहा ते आठ हजार ग्राफ्टच सुरक्षितपणे काढता येतात. तेथील काढलेला केस पुन्हा येत नाही. २०१९ च्या मुंबईतील घटनेतला साडेनऊ हजारांचा आकडा त्यामुळेच चकित करणारा आहे. ग्राफ्ट वाढले की वेळ वाढतो, बधिरतेच्या औषधाची एकूण मात्राही वाढते. लिग्नोकेन हे औषध वजनाच्या प्रमाणात ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर आधी जिभेला मुंग्या व चक्कर, नंतर झटके आणि हृदयाचे ठोके बिघडणे असा क्रम असतो. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया तर मर्यादेतल्या मात्रेनेही येऊ शकते. अशा प्रसंगी प्राणवायू, अ‍ॅड्रिनॅलिन आणि ती चालविणारा माणूस त्याच खोलीत लागतो. केशकर्तनालयाला जोडून काढलेल्या खोलीत तो नसतो.

दर ग्राफ्टमागे आकारला जातो, त्यामुळे आकडा फुगविण्याचा मोह दवाखान्याला असतो. 'पाच हजार केस' असे सांगितले तर ते बहुधा अडीच हजारांच्या आसपास ग्राफ्ट असतात, हे पुष्कळांना बिल हाती आल्यावर कळते. आरोग्यसेवेला वस्तू व सेवाकरातून मिळणारी सूट केशरोपणाला नाही, आणि वैद्यकीय विमाही सहसा हा खर्च देत नाही. हप्त्यांवर कर्ज देणाऱ्या कंपन्यांशी दवाखान्यांनी केलेली जोडणी याच पोकळीत शिरली आहे.

२०१६ मध्ये चेन्नईतील एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा केशरोपणानंतर मृत्यू झाला होता. २०२१ मध्ये दिल्लीतील तिशीच्या एका तरुणाचा रोपणानंतरच्या जंतुसंसर्गाने बळी गेला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने नियमावलीची गरज बोलून दाखविली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोग या विषयांतील पदव्युत्तर प्रशिक्षण असलेल्या डॉक्टरनेच केशरोपण करावे, सहायकांनी त्याच्या देखरेखीखाली काम करावे, तातडीच्या उपचारांची सोय असावी, असे त्यांत म्हटले आहे. यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत पाहून घेतलेले शिक्षण पुरेसे नाही, हेही आयोगाने स्पष्ट लिहिले. असे वाक्य लिहावे लागले यातच बाजाराची अवस्था कळते. जबडा व चेहऱ्याच्या शल्यचिकित्सेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या दंतवैद्यांना ही परवानगी असावी की नाही, यावर दंत परिषद आणि त्वचारोगतज्ज्ञांची संघटना यांच्यात वाद झाला.

नेरुळ-वाशी परिसरात डॉ. डी. वाय. पाटील यांच्यासारखे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचा त्वचारोग विभाग आहे; केस कोणत्या कारणाने जात आहेत एवढे तपासून घेण्यासाठी जाहिरातीच्या दवाखान्यापासून सुरुवात करण्याचे कारण नाही. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळता येते. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पूर्वी दाताच्या इंजेक्शनने आलेली गांधी या गोष्टी रुग्णाने आपणहून सांगाव्या लागतात. दवाखान्याकडून छिद्रे कोण पाडणार, डॉक्टर किती वेळ खोलीत असणार, एका दिवसात किती रुग्ण घेतले जातात, हे लेखी मागता येते.

वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी रोपण करून घेणाऱ्यांची अडचण निराळीच असते. लावलेले केस जागेवर राहतात, पण त्यांच्यामागचे स्वतःचे केस पुढील वर्षांत विरळ होत जातात. पस्तिशीत कपाळावर दाट केसांचे बेट आणि त्यामागे मोकळी टाळू असे चित्र उरते. ते भरायला पुन्हा मागचेच केस लागतात आणि तोवर पुंजीतला मोठा भाग संपलेला असतो. म्हणूनच पंचविशीच्या आतल्या तरुणाला अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ बहुधा वर्षभर औषधे देतात, दर तीन महिन्यांनी त्याच प्रकाशात, त्याच कोनातून छायाचित्रे घेतात आणि टक्कल कोठवर जाणार याचा अंदाज आल्यावरच सुई हाती घेतात.