यूटाचें संस्थानपद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एखादा नवा प्रांत संस्थान म्हणून सामील करून घेण्याचा प्रश्न निघाला म्हणजे तेथील लोकवस्ती किती व त्यामुळें कोणत्या पक्षाचें पारडें जड होईल, हें बहुधा पाहिलें जाई. यूटा प्रांताचे मात्र १८४९ पासून १८८७ पर्यंतचे सहा अर्ज वायां गेले. कारण विचारल्यास कोणीहि 'बहुपत्नीत्व' असें एका शब्दांत सांगेल. तें खोटें नाहीं. परंतु तेवढ्यानें या झगड्याचा उलगडा होत नाहीं.

इलिनॉयमधून हुसकून लावलेले मॉर्मन पंथाचे लोक ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखालीं १८४७ च्या जुलैंत ग्रेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत पोंचले. दोनच वर्षांनीं त्यांनीं 'डेझरेट' नांवाचें विस्तीर्ण संस्थान मागितलें. काँग्रेसनें १८५० सालीं त्यांस दिला तो यूटा 'प्रांत'. हा भेद नांवापुरता नव्हता. प्रांताचा गव्हर्नर व न्यायाधीश अध्यक्षानें नेमावयाचे, आणि प्रांतिक कायदे काँग्रेसला रद्द करतां येत. संस्थान झालें कीं, गव्हर्नर, न्यायाधीश आणि विवाहाचा कायदा हीं सर्व तेथील मतदारांच्या हातीं जावयाचीं. साऱ्या वादाची कळ येथें आहे.

१८५२ सालीं पंथानें बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला. चार वर्षांनीं रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्यांत गुलामगिरीच्या शेजारीं त्याला रानटी युगाचा अवशेष म्हणून बसविण्यांत आलें. १८६२ चा बंदीचा कायदा बराच काळ कागदावरच राहिला, कारण ज्यूरीच मॉर्मन असे. इकडे १८६१ पर्यंत यूटाचाच पश्चिम भाग असलेला नेव्हाडा १८६४ सालीं संस्थान होऊन बसला. १८८० च्या खानेसुमारींत नेव्हाडाची वस्ती सुमारें ६२ हजार, तर यूटाची सुमारें १ लक्ष ४४ हजार होती!

१८७९ सालीं रेनल्ड्स खटल्यांत वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला कीं, श्रद्धा मोकळी आहे, पण तिच्या आचरणावर कायदा चालेल. सरन्यायाधीश वेट यांनीं दाखला दिला तो पतीच्या चितेवर जळूं पाहणाऱ्या विधवेचा. बहुपत्नीत्व ही मुख्यतः आशिया व आफ्रिकेची चाल, असेंहि ते म्हणाले. आम्हां हिंदी वाचकांस या दाखल्याची मौज वाटल्यावांचून राहत नाहीं. तत्त्व म्हणून निकाल रास्त आहे, असेंच मला वाटतें; पण जीव घेणारी चाल आणि हा विवाह यांस एका मापानें मोजणें सयुक्तिक नव्हे.

विरोधकांच्या मनांतील खरी भीति मतपेटीची होती. यूटानें १८७० सालीं स्त्रियांस मताधिकार दिला, तेव्हां त्या आपणच ही चाल मोडतील, अशी पूर्वेकडील कित्येक सुधारकांची अपेक्षा होती. स्त्रियांनीं मतें दिलीं तीं पंथाच्याच बाजूनें! १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्यानें तो अधिकार काढून घेतला आणि धर्मपीठाची नोंदलेली संस्था मोडून तिची मिळकत जप्त करण्याची तजवीज केली. शेजारच्या आयडाहोंत तर शपथेचा असा कायदा होता कीं, ज्याची एकच पत्नी आहे, असा मॉर्मनहि केवळ पंथाचा सभासद म्हणून मताला मुकला. बायकांची संख्या हाच जर आक्षेप, तर या मनुष्याचा अपराध कोणता? धर्मगुरूच्या एका शब्दावर हजारों मतें पडतात, हाच. आणि ही भीति अगदींच निराधार होती, असेंहि म्हणवत नाहीं.

म्हणूनच १८९० च्या सप्टेंबरांत धर्माध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनीं बहुपत्नीत्व सोडल्याचें जाहीर केलें, तरी दार लगेच उघडलें नाहीं. १८९१ सालीं मॉर्मनांचा स्वतंत्र 'पीपल्स पार्टी' पक्ष विसर्जित होऊन त्याचे अनुयायी डेमोक्रॅट व रिपब्लिकन यांत विभागले गेले, तेव्हां वाट मोकळी झाली. ४ जानेवारी १८९६ रोजीं यूटा पंचेचाळीसावें संस्थान झालें. त्याच्या घटनेंत बहुपत्नीत्वाला कायमची बंदी आहे, व स्त्रियांस मताधिकार परत दिलेला आहे. पुढें १८९८ सालीं यूटानें बी. एच. रॉबर्ट्स या बहुपत्नीक गृहस्थांस प्रतिनिधिगृहावर निवडून दिलें. १९०० च्या जानेवारींत त्या गृहानें त्यांस जागा नाकारली.