मलिद्याचं ताट

पोहे भिजवून निथळायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा कालवायचा आणि वर फळं मांडायची. पनवेलमधल्या कुठल्याही घरात याला गोड पोहे म्हणतील. कोकणातल्या यहुद्यांच्या, बेने इस्रायलांच्या, घरात हाच मलिदा. ताटाभोवती बसून एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेतात, फळांवर हिब्रू आशीर्वाद म्हणतात आणि मग ताट वाटतात. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फेडताना मलिदा हवाच.

शब्द मूळचा फारसी. ‘मालीदन’ म्हणजे चोळणं, कुस्करणं. पोळी कुस्करून तूप-गूळ घातलेला मलिदा दर्ग्यात चढतो. मला वाटतं, शेजारच्या दर्ग्यावरून नाव आलं, गव्हाच्या जागी भाताच्या मुलखातले पोहे आले. नवस मात्र आपल्याच संदेष्ट्याचा राहिला.

या समाजाच्या आठवणीप्रमाणे त्यांचे पूर्वज, सात जोडपी, गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागली. तेल गाळायचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागलं. ज्या गावी राहिले ते आडनाव झालं: किहीमचे किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, झिराडचे झिराड. पनवेलचं त्यांचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं.

सणांची जुनी नावं तर पाहत राहावीत. यहुदी नववर्ष येतं भात तयार होण्याच्या सुमारास, म्हणून तो ‘नव्याचा सण’. पुढे लगेच नव्या तांदळाची, नारळाच्या रसातली खीर, म्हणून ‘खिरीचा सण’. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या शोकाच्या उपासाला नाव ‘बिरड्याचा रोजा’. रोजा मुसलमान शेजाऱ्याचा, बिरडं रायगडच्या वालाचं आणि दुःख दोन हजार वर्षांपूर्वीच्या जेरुसलेमचं! अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर एलियाच्या रथाच्या खुणा दाखवतात. तिथून तो स्वर्गात गेला अशी श्रद्धा आहे. त्याच्या सणाला ते ‘एलियाहू हनाबीचा उरूस’ म्हणत. इथे मिसळून जाण्यासाठी त्यांना काही टाकावं लागलं नाही. शेजाऱ्याची भाषा त्यांनी आपल्या देवघरात नेली, आणि शेजाऱ्यांनीही त्यांचा शनिवार मानला. कोकणाच्या या मोठेपणाबद्दल आपण फार कमी बोलतो.

खरी परीक्षा झाली ती ज्याला स्वप्नातला देश मानलं त्या देशात. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांना मान्यता देण्याआधी पूर्वजांची चौकशी करण्याचा हुकूम काढला. शतकानुशतकं शनिवार पाळला, तरी यहुदीपण सिद्ध करा! १९६४च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. संसद मध्ये पडली आणि धर्मपीठाला हुकूम बदलावा लागला.

अश्दोद, रामले, दिमोना इथल्या घरांत आजही मलिदा होतो. कोकणात ज्या ताटानं ते यहुदी राहिले, त्याच ताटावरून तिथे ते भारतातले म्हणून ओळखू येतात. खंडाळ्याचा कातळ दूर राहिला, तर हैफात कार्मेल डोंगरावर एलियाची गुहा आहे. काही कुटुंबं मलिद्याचं ताट घेऊन तिथे जातात.