स्वभावाची प्रश्नपत्रिका

राज्याच्या माध्यमिक मंडळानें २०१६ सालीं दहावीच्या विद्यार्थ्यांची कल-चाचणी सुरू केली व ती पुढें कांहीं वर्षें चालली. त्या काळांत धाराशिव जिल्ह्यांतील बेंबळी या गांवचा आमचा एक भाचा दहावींत होता. चाचणीचा कागद हातीं घेऊन तो आम्हांस म्हणाला, “मामा, माझा कल गणवेषधारी सेवेकडं आलाय. म्हणजे मी तसाच हाय का?” कल म्हणजे सबंध स्वभाव नव्हे, हें आम्हीं त्यास तत्काळ सांगितलें, परंतु त्याच्या प्रश्नाचें उत्तर तेवढ्यानें झालें नाहीं.

माणसाच्या मनास प्रश्नपत्रिका लावण्याची ही रीत शंभर-सव्वाशें वर्षांची आहे. १९०५ सालीं बीने व सिमाँ या फ्रेंच विद्वानांनीं पॅरिसच्या शाळांतील मागें पडणारीं मुलें ओळखण्यासाठीं बुद्धीच्या कसोट्या रचल्या. वि. वि. कामत यांनीं त्याच कसोट्यांना मराठी व कानडी रूप दिलें. बुद्धीनंतर पाळी आली स्वभावाची. पहिल्या महायुद्धांत तोफांच्या भडिमारानें कोणत्या सैनिकाचें मन खचेल, हें आधींच समजावें म्हणून वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें ‘होय-नाहीं’च्या उत्तरांची एक प्रश्नावली केली, ती तयार होईतों युद्धच संपत आलें. १९२१ सालीं रोर्शाक यानें शाईच्या डागांची कसोटी प्रसिद्ध केली. त्याच सालच्या युंगच्या ग्रंथावरून पुढें ब्रिग्ज व मायर्स या मायलेकींनीं माणसांचे सोळा प्रकार पाडले. आज कचेऱ्यांतून नोकरवर्गाची व घरांतून हौसेची जी स्वभावपरीक्षा होते, तींत या प्रकारांचा भरणा मोठा आहे.

आपल्याकडे हें अगदींच नवें होतें असें नाहीं. मराठवाड्यांतील जांब गांवीं १६०८ सालीं जन्मलेल्या समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खाचीं, पढतमूर्खाचीं आणि तिन्ही गुणांचीं लक्षणें ओळीनें मांडलीं आहेत. पण तेथील हेतु निराळा आहे. मूर्खलक्षणें श्रोत्यानें ऐकावयाचीं तीं टाकून देण्यासाठीं, ‘मी या प्रकारचा’ म्हणून मिरविण्यासाठीं नव्हे. शिवाय त्या यादींत स्वतःस गोड वाटेल असें कांहींच नसतें. नव्या परीक्षांचा निकाल बहुधा गोड असतो, आणि खरा धोका तेथेंच आहे.

हा धोका फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें दाखवून दिला. त्यानें आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावपरीक्षा घेऊन प्रत्येकास त्याचें म्हणून एक वर्णन दिलें व तें कितपत जुळतें याला पांचपैकीं गुण देण्यास सांगितलें. सरासरी ४.२६ आली. वस्तुतः सर्वांस एकच वर्णन दिलेलें होतें, आणि त्यांतील वाक्यें एका ज्योतिषाच्या पुस्तकांतून घेतलेलीं होतीं! हा प्रयोग १९४९ सालीं प्रसिद्ध झाला. पटलें म्हणजे तें खरेंच असतें, असें नाहीं. हा धडा शिकलेल्यांनाही आवश्यक आहे.

चांगल्या रीतीनें पारखून घेतलेल्या कसोट्या आहेत, व डॉक्टरांस आणि शिक्षकांस त्यांचा उपयोगही होतो. तथापि प्रश्नावली आपण आपल्याविषयीं जें सांगतों तेंच नीट लावून परत देते. जें आपण पाहिलेंच नाहीं, तें तिला आपण कोठून सांगणार? आमच्या भाच्यानें जन्मापासून शेत पाहिलें, शाळा पाहिली, दवाखाना पाहिला आणि पोलिसाचा गणवेष पाहिला. चित्रशाळा किंवा प्रयोगशाळा त्याच्या दृष्टीस कधीं पडली नव्हती. तेव्हां त्या कागदावर त्याचा कल जितका उमटला, तितकाच त्याच्या गांवाचा आवाकाही उमटला होता. अशा निकालावर मुलाची सारी वाट ठरविणें म्हणजे त्याच्या अज्ञातास त्याची नावड समजणें होय.

आम्हीं त्यास इतकेंच सांगितलें कीं, कागद जपून ठेव, पण त्यावर सही करून मोकळा होऊं नकोस. दिवाळीच्या सुटींत त्याला पुण्यास आणून छापखाना, कारखाना व प्रयोगशाळा दाखविली. नंतर तीच चाचणी त्यानें पुन्हा दिली असती तर निकाल बदलला असता कीं नाहीं, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. मात्र प्रश्न वाचतांना त्याच्या डोळ्यांपुढें नुसते शब्द राहिले नसते.