मुंबईच्या समुद्रांतील तेल

चौपाटीवर उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें तर क्षितिजाच्या पलीकडे, सुमारें १६० किलोमीटरांवर, आपल्या देशांतील सर्वांत मोठें तेलक्षेत्र आहे. 'बॉम्बे हाय' हें त्याचें जुनें नांव. आतां 'मुंबई हाय' म्हणतात. समुद्रतळाखालीं खडकाचे थर घुमटासारखे उंचावले आहेत, त्यावरून हें नांव पडलें.

१९६० नंतरच्या दशकांत रशियन तज्ज्ञांच्या साह्यानें या समुद्राची पाहणी झाली, आणि जपानांत बांधलेल्या 'सागर सम्राट' या यंत्रनौकेनें फेब्रुवारी १९७४ मध्यें येथें तेल गाठलें. आदल्याच वर्षीं अरब राष्ट्रांनीं पुरवठ्याचा हात आखडता घेतला होता व तेलाचे भाव भडकले होते. तेव्हां या शोधाचें मोल काय वाटलें असेल, तें वेगळें सांगावयास नको. २१ मे १९७६ रोजीं उत्पादन सुरू झालें. प्रथम तेल जहाजांतून आणीत. पुढें समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ टाकले. मार्च १९८५ मध्यें रोज सुमारें ४ लाख ७० हजार पिंपें तेल निघत होतें. एप्रिल २०२४ मध्यें हा आंकडा १ लाख ३४ हजारांच्या आसपास आला.

असें कां व्हावें? भूगर्भांत तेलाचें तळें असतें, ही आपल्या विद्यार्थ्यांचीच नव्हे, पालकांचीहि समजूत! मातीच्या माठाचें खापर तेलांत भिजवून पाहावें. तेल त्याच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतें, आणि कितीहि निथळलें तरी बरेंचसें आंतच राहतें. मुंबई हायचा चुनखडक तसाच आहे. आंतील वायूच्या दाबानें आरंभीं तेल आपोआप वर आलें. दाब उतरतांच ओघ मंदावला. म्हणून १९८४ पासून खडकांत समुद्राचें पाणी दाबून भरूं लागले. परंतु पाणी मोठें लबाड! खडकांतील भेगा व सुलभ वाटा धरून तें थेट विहिरींत शिरतें आणि तेलाला बाजूस तसेंच टाकून येतें. अशा राहिलेल्या कप्प्यांपर्यंत पोहोंचण्यासाठीं आतां जुन्या विहिरींतूनच आडव्या शाखा काढतात.

हें काम निर्धोक नाहीं. २७ जुलै २००५ रोजीं, मुंबईंतील त्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशीं, एका जखमी माणसास उतरवून देण्यास आलेली नौका लाटांच्या हेलकाव्यानें उत्तरेकडील मंचाच्या नळांवर आदळली. वायु पेटला, मंच भस्मसात् झाला व २२ माणसें प्राणांस मुकलीं. तेलाचा हिशेब पिंपांत करतांना हाहि आंकडा विसरूं नये, असें मला वाटतें.

अजून सुमारें ८ कोटि टन तेल येथून निघूं शकेल, असा तेल व नैसर्गिक वायु महामंडळाचा अंदाज आहे. जानेवारी २०२५ मध्यें महामंडळानें 'बीपी' या ब्रिटिश कंपनीस तांत्रिक साह्यासाठीं निवडलें. दहा वर्षांत तेल व वायु मिळून उत्पादन सुमारें ६० टक्क्यांपर्यंत वाढेल, असें कंपनीनें दर्शविलें आहे. माझी आशा याहून जपून आहे. खडकांत तेल आहे, याविषयीं शंका नाहीं. पण नळ व मंच कित्येक दशकें खाऱ्या पाण्यांत उभे आहेत, पावसाळ्यांत दर्या खवळतो, आणि दर नव्या पिंपामागें वर येणारें पाणी वाढतच जाणार. त्या पाण्याच्या उपशाचा व शुद्धीचा खर्च भागवून जें उरेल, तेवढेंच तेल हातीं लागलें असें म्हणतां येईल.