जुन्या रिसीव्हरची खरखर : इतिहास आणि निगा

१९६० ते १९८० या काळातला स्टिरिओ रिसीव्हर म्हणजे एक भारदस्त वस्तू. समोर ॲल्युमिनियमची जाड पट्टी, मोठी गोल बटणे, आतून उजळणारी केंद्रांची तबकडी आणि उचलताना कमरेत कळ यावी इतके वजन. परदेशातून परतलेल्या कुणीतरी तो आणलेला असतो, काही वर्षे वाजलेला असतो आणि मग माळ्यावर गेलेला असतो. तो खाली काढून लावला, की दिवा लागतो, पण आवाजाचे बटण फिरवताच खर्रखर्र सुरू होते, एक बाजू मुकी राहते आणि घरातले म्हणतात, ‘गेला वाटते, भंगारात द्या.’

आमचे म्हणणे असे, की या तक्रारींपैकी बऱ्याचशा बिघाडाच्या नसून घाणीच्या आणि न वापरण्याच्या असतात. शिवाय प्रत्येक तक्रारीमागे एका सुट्या भागाचा, एका शोधाचा इतिहास असतो. तो माहीत असला, की कुठे हात लावायचा आणि कुठे अजिबात लावायचा नाही, हे आपोआप समजते.

रिसीव्हर म्हणजे तीन वस्तूंचा एक संसार. केंद्र निवडणारा ट्यूनर, आवाजाची पातळी व सूर ठरवणारा भाग आणि ध्वनिवर्धकांना ताकद पुरवणारा प्रवर्धक, हे तिन्ही एकाच पेटीत. यातील ट्यूनरचा मोठा भाग आपण एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याला देणे लागतो. लहरीची उंची बदलून आवाज पाठवण्याऐवजी तिची कंप्रता बदलली, तर विजांची कडकड आणि मोटारींचा उपद्रव फार कमी ऐकू येतो, हे त्याने दाखवले व १९३३ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. हीच एफएम पद्धत. लोकांनी तिचे सेट विकतही घेतले. परंतु १९४५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने एफएमचा पट्टा ४२–५० मेगाहर्ट्झवरून उचलून ८८ मेगाहर्ट्झच्या वर नेला. घराघरांतले सेट धडधाकट असूनही निरुपयोगी ठरले. पेटंटच्या खटल्यांनी खचलेल्या आर्मस्ट्राँगने १९५४ मध्ये आत्महत्या केली. त्याची पत्नी मॅरियन हिने ते खटले पुढे चालवले आणि जिंकले. त्यांतला शेवटचा १९६७ मध्ये निकालात निघाला.

दुसरा धागा इंग्लंडमधला. एका ध्वनिवर्धकाऐवजी दोन वापरून आवाजाला जागा आणि दिशा कशी देता येईल, याचे सविस्तर पेटंट ॲलन ब्लमलिन याने डिसेंबर १९३१ मध्ये दाखल केले. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरण्याची कल्पनाही त्यात होती. १९४२ मध्ये रडारची चाचणी घेत असताना विमान कोसळून तो मरण पावला. त्याच्या कल्पनेतल्या तबकड्या दुकानात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. त्याच वर्षी हार्मन-कार्डन कंपनीने आपला ‘फेस्टिव्हल टीए-२३०’ हा स्टिरिओ रिसीव्हर बाजारात आणला.

पण नभोवाणीवरून दोन आवाज पाठवायचे कसे? काही केंद्रे एक बाजू एफएमवर आणि दुसरी एएमवर प्रसारित करत. ज्याच्याकडे एकच सेट, त्याला अर्धेच संगीत मिळे. यावर १९६१ मध्ये जे उत्तर निघाले, ते आठवीच्या बीजगणितात बसणारे आहे. डावा आवाज ‘ड’ आणि उजवा ‘उ’ मानू. केंद्र नेहमीच्या जागी ड + उ ही बेरीज पाठवते. त्याच लहरीवर, कानाला ऐकू न येणाऱ्या ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर बसवून, ड – उ ही वजाबाकी पाठवते. सोबत १९ किलोहर्ट्झचा एक खुणेचा सूर असतो. स्टिरिओ सेट हा सूर ओळखतो, त्याची दुप्पट करून उपवाहक पुन्हा तयार करतो आणि वजाबाकी मोकळी करतो. दोन्ही मिळवले की २ड, एकातून दुसरे वजा केले की २उ. जुन्या साध्या सेटला वजाबाकी कळतच नाही. तो बेरीज ऐकवतो, म्हणजे पूर्ण गाणे ऐकवतो. १९४५ च्या निर्णयाने जुने सेट मारले होते. १९६१ च्या निर्णयाने ते जगवले. समोरच्या पट्टीवरचा ‘स्टिरिओ’ दिवा लागतो, तो हा १९ किलोहर्ट्झचा सूर सापडल्याची पावती असते.

यानंतर ट्रान्झिस्टर आले. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेला हा घटक १९६० च्या दशकात व्हॉल्व्हची जागा घेऊ लागला. जपानी कंपन्या पुढे आल्या, आणि जास्तीत जास्त वॅटची चढाओढ सुरू झाली. जाहिरातीतले आकडे इतके फुगले, की १९७४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाला वॅट कसे मोजायचे याचा नियम करावा लागला. १९७८ चा पायोनिअर एसएक्स-१९८० हा प्रत्येक बाजूला २७० वॅट देत असे. अशा ताकदीसाठी आत जाडजूड ट्रान्सफॉर्मर आणि मोठाली धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, बसवावी लागत. आपल्या निगेची पहिली पायरी इथेच येते, आणि ती जिवाशी संबंधित आहे.

प्लग काढला म्हणजे सेट मेला, असे नव्हे. वीजपुरवठ्याच्या धारित्रांत भार साठून राहतो. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये तो तीन-चारशे व्होल्टचा असू शकतो. असा सेट नवशिक्याने उघडूच नये. ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये व्होल्टेज कमी असते, तरी मोठ्या सेटच्या धन आणि ऋण टोकांमध्ये शंभराच्या वर भरते. म्हणून प्लग काढून काही मिनिटे थांबावे. मग प्रत्येक मोठ्या धारित्राच्या दोन टोकांना १ किलो-ओहम, ५ वॅटचा रोधक इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी जोडावा आणि मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री करावी. धारित्र १०,००० मायक्रोफॅरडचे असेल, तर रोध गुणिले धारिता म्हणजे १० सेकंद. त्याच्या पाचपट, ५० सेकंदांत ते जवळपास रिकामे होते. स्क्रूड्रायव्हर लावून ठिणगी पाडण्याचा प्रकार टाळावा. त्याने धारित्रालाही इजा होते आणि हातालाही.

ही धारित्रे इतकी लहान जागेत इतका भार कसा साठवतात? ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रासायनिक क्रियेने ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच विद्युतरोधक म्हणून काम करतो. कारोल पोलाक याने याचे पेटंट १८९६ मध्ये घेतले. थर टिकवून धरणारा द्रव वर्षानुवर्षे हळूहळू सुकतो, आणि सेट पडून राहिला तर थरही विरतो. म्हणून वीस वर्षांनी सेट एकदम पूर्ण दाबाने लावू नये. इलेक्ट्रिशियनच्या दुकानात असतो तसा सिरीज बोर्ड वापरावा. त्यात ६० किंवा १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब सेटच्या वाटेत असतो. एलईडीचा दिवा इथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर धारित्रे भरली असे समजावे. तो लखलखीतच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करून जाणकार मेकॅनिककडे न्यावा. फुगलेले धारित्र किंवा जळका वास असला, तरी तेच करावे.

त्याआधी मागची पट्टी वाचावी. अमेरिकेत विकलेला सेट १२० व्होल्टचा, जपानमधला १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावणे म्हणजे त्याचा शेवट. काही सेटना व्होल्टेज निवडण्याची खिट्टी असते. नसेल तर योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

आता धूळ. मऊ कोरड्या रंगाच्या ब्रशने ती उडवावी आणि व्हॅक्यूमने लांबूनच ओढावी. ट्यूनरच्या फिरत्या पात्यांना मात्र हात लावू नये. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास अगदी थोड्या धारितेने केंद्र ठरते. एक पाते किंचित वाकले, तरी तबकडीवरचा आकडा आणि केंद्र यांची फारकत होते. तिथली लहान वेटोळी आणि पेचही ‘सैल दिसतात’ म्हणून पिळू नयेत. ते कारखान्यात उपकरणे लावून बसवलेले असतात.

खरखरीचे मूळ आवाजाच्या बटणात असते. हे बटण म्हणजे पोटेन्शिओमीटर. पोगेनडॉर्फने १८४१ मध्ये मोजमापासाठी मांडलेल्या तत्त्वाचे हे घरगुती रूप. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतली लांब तार इथे वाकून कार्बनच्या पट्ट्याचा चाप झालेली असते, आणि जॉकीच्या जागी धातूची सरकती जीभ असते. पट्टा आणि जीभ यांमध्ये धूळ, झिजलेला कार्बन वा ऑक्साइड आला, की स्पर्शाचा रोध क्षणोक्षणी उडी मारतो. ध्वनिवर्धक ती प्रत्येक उडी ऐकवतो.

उपाय सोपा आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठीचा, थोडे वंगण मागे ठेवणारा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्यावा. बटणाच्या मागच्या फटीतून त्याचा अगदी छोटा फवारा मारावा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. रॉकेल, पेट्रोल, खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल वापरू नये. काही द्रवांनी प्लास्टिक विरघळते. तेलाला पुन्हा धूळ चिकटते आणि सहा महिन्यांत खरखर दुप्पट होऊन परतते. स्वच्छ करूनही ती गेली नाही, तर पट्टा झिजलेला तरी असतो किंवा एखाद्या गळक्या धारित्रातून एकदिश वीज बटणापर्यंत पोचत असते. तिथे क्लीनरचा उपयोग नाही.

मुकी बाजू बहुधा खटक्यांमुळे असते. खटक्यांच्या संपर्कांवर पुष्कळदा चांदीचा मुलामा असतो. घरातले पैंजण काळे पडतात, त्याच कारणाने तोही काळवंडतो. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे सिल्व्हर सल्फाइड तयार होते. कोकण-गोव्याच्या खारट, दमट हवेत इतर धातूंचे गंजणेही त्यात भर घालते. प्रत्येक खटका तीस-चाळीस वेळा दाबला, तरी घासून संपर्क उजळतो. उरलेले काम क्लीनर करतो. सेट लावल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ आवाज येतो, तो ध्वनिवर्धकांचे रक्षण करणाऱ्या रिलेचा. त्याचे संपर्क मळले तरी एक बाजू जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी मधून ओढावी. पॉलिशपेपर लावू नये. पातळ मुलामा एका घासण्यात निघून जातो.

बाहेरची पट्टी साबणाच्या सौम्य पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसावी. तबकडीच्या काचेची आतली बाजू मात्र फक्त कोरड्या ब्रशने. तिथली अक्षरे छापलेली असतात, आणि ती एकदा पुसली गेली तर परत येत नाहीत.

हे सगळे करण्याजोगे आहे का? भारतात एफएम प्रसारण मद्रासहून १९७७ मध्ये सुरू झाले. आपला पट्टा ८८–१०८ मेगाहर्ट्झचा, म्हणून त्याच पट्ट्याचा अमेरिकेतला जुना सेट इथे बोलतो. पण खास जपानी बाजारासाठी केलेला जुना सेट ७६–९० मेगाहर्ट्झचा असतो. तो कितीही चकचकीत केला, तरी आपली बहुतेक केंद्रे त्याच्या टप्प्याबाहेर राहतात. नॉर्वेने २०१७ मध्ये आपली राष्ट्रीय केंद्रे एफएमवरून काढून डिजिटल पद्धतीवर नेली, तेव्हा तिथलेही असंख्य चांगले सेट त्या केंद्रांपुरते मुके झाले. म्हणजे यंत्राचे आयुष्य जसे सुट्या भागांवर, तसेच ते माणसांनी केलेल्या करारांवरही ठरते. घाण आपल्याला काढता येते. मोडलेला करार ब्रशने दुरुस्त होत नाही.

वर्गासाठी यात पुष्कळ आहे. भार काढलेला, प्लग नसलेला सेट टेबलावर ठेवून मुलांना एकेक भाग ओळखायला सांगता येईल. बेरीज-वजाबाकीचे गणित फळ्यावर करता येईल. काळे पडलेले पैंजण आणि काळा पडलेला खटका शेजारी ठेवता येतील. शेवटी एक प्रश्न मात्र मुलांपुढे जरूर टाकावा. १९४५ आणि १९६१ या दोन निर्णयांपैकी तुम्ही आयोगावर असता, तर कोणता घेतला असता, आणि ज्यांच्या घरी जुना सेट होता त्यांना काय सांगितले असते?