रुपया स्वस्त होतो तेव्हा घास कोणाचा जातो?

बाबासाहेबांच्या १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाचे नाव निघाले की चर्चा रिझर्व्ह बँकेपाशी येऊन थांबते. बँकेच्या स्थापनेत त्या विचारांचा वाटा किती, यावर वाद रंगतात. आमचे म्हणणे असे की त्या ग्रंथाचा दुसरा वारसा कामगार कायद्यांत आहे आणि तो आपण विसरत चाललो आहोत.

हिशेब साधा आहे. १९२० च्या दशकात रुपयाचा दर १६ पेन्स असावा की १८, यावर देशात मोठा वाद पेटला. एका पौंडाचे २४० पेन्स. १६ पेन्सच्या दराने पौंडाचे १५ रुपये होतात, १८ च्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे तोच माल परदेशी विकून स्वस्त रुपयात दीड रुपयाहून जास्त फायदा! मुंबईच्या बड्या उद्योगपतींना १६ चाच दर हवा होता. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी हिल्टन यंग आयोगात तसे वेगळे मत नोंदवले. शेवटी १९२७ च्या कायद्याने १८ पेन्स ठरले.

आता प्रश्न असा की तो जादा पैसा येतो कुठून? परदेशी गिऱ्हाईक तर तोच एक पौंड देतो. बाबासाहेबांनी इथेच बोट ठेवले. रुपया स्वस्त झाला की देशातले भाव चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. मालकाचा नफा परदेशातून येत नाही. तो आपल्याच देशातल्या कष्टकऱ्याच्या ताटातून जातो.

त्या ताटातही जातीने आधीच हात घातला होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. तिथे धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याचा ओठ लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे, म्हणून आपल्या माणसांना ते खाते बंद! कमी मजुरीचे रिंग खाते त्यांच्या वाट्याला आले. वास्तविक तोंडाने धागा ओढणे कोणाच्याच आरोग्याला बरे नव्हते. विटाळाची काळजी झाली, आरोग्याची झाली नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. स्त्रीच्या श्रमातून मालक नफा कमावतो, तर तिच्या विश्रांतीचा काही भार त्यानेही उचलावा, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. त्याचा पैसा खाणीतून निघणाऱ्या कोळशावरील करातून येई आणि घर, पाणी, औषधोपचार यांवर खर्च होई. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले.

या सगळ्यांत एक समान सूत्र आहे. कामगाराचे आरोग्य ही मालकाची मेहेरबानी नव्हे, तो उत्पादनाचाच खर्च आहे. तो खर्च कायद्याने वसूल झाला नाही, तर कामगार तो आपल्या शरीराने भरतो.

आज मोठ्या कंपन्या 'वेलनेस'चे कार्यक्रम करतात. योगासने होतात, तणावमुक्तीची व्याख्याने होतात. आमचा त्याला विरोध नाही. पण त्याच इमारतीत झाडू मारणारा, गटार साफ करणारा कंत्राटी माणूस त्या यादीत असतो का? महागाईबरोबर त्याची मजुरी वाढते का? आणि त्याची जात कोणती, हे कोणी विचारते का?

या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत रुपयाचा प्रश्न सुटला, असे आम्ही मानणार नाही.

जय भीम!